‘पिशवीला सूज आहे’ एवढं सांगून भागत नाही: काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी डबे भरून झाल्यावर पुन्हा वाचली. ॲडेनोमायोसिस या गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, आजारावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय की आमच्या काळी असले आजार नव्हते, वाड्यात बारा बायका होत्या, कुणी पोट धरून बसत नव्हतं. नवी नावं सांगून मी पोरींना घाबरवते. मूल झालं की दुखणं थांबतं. आणि तुमची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली, सगळंच काढलं, तेव्हापासून तुम्ही सुखात आहात, मग मी ऑपरेशनच्या विरोधात का?

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘पिशवी काढणं ही डॉक्टरांची पळवाट’ असं वाक्य मी लिहिलं होतं. ते लेखातून काढून टाकलंय. हा आजार पूर्ण जातो तो पिशवी काढल्यावरच. औषधं करून थकलेल्या, आणखी मूल नको असलेल्या बाईला ऑपरेशन म्हणजे सुटका असते. तुम्हाला ती मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण आजार नवा नाही हो. व्हिएन्नाच्या डॉक्टर रोकिटान्स्कींनी 1860 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, अमेरिकेत डॉक्टर कलन यांनी 1908 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पिशवीच्या आतलं अस्तर दर महिन्याला गळून पडतं, तीच पाळी. या आजारात तसंच अस्तर पिशवीच्या स्नायूत सापडतं. हार्मोनच्या तालावर तेही फुगतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. भोवतीचा स्नायू जाड होतो, पिशवी मोठी होते, दुखतं, अंगावरून खूप जातं. काहींना यातलं काहीच होत नाही, तेही खरं.

पूर्वी याचं निदान व्हायचं कसं? काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली बघून. पिशव्या काढल्या जायच्या बहुतेक चाळिशीतल्या, मुलं झालेल्या बायकांच्या, म्हणून आजारही त्यांचाच ठरला. पंचविशीतल्या मुलीत तो कुणी शोधायलाच गेलं नाही. आता चांगल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये तो दिसतो, म्हणून तरुण मुलींची नावं पुढे येतायत.

आणि वाड्याचं म्हणाल, तर माझी आजीही नारायण पेठेतल्या वाड्यातलीच. पाळीत ती माजघरामागच्या खोलीत बाहेर बसायची. पोटाला जुन्या लुगड्याचं फडकं इतकं आवळायची की कमरेवर वळ उठायचे, असं आई सांगते. तीन दिवस नजरेआड बसलेल्या बाईचं दुखणं बाकीच्या अकराजणींना कुठून दिसणार?

माझ्या पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘बल्की युटेरस’ एवढे दोनच शब्द होते. डॉक्टर म्हणाले, पिशवीला थोडी सूज आहे, आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पाच वर्षं मी त्याच गोळ्यांवर काढली. तासा-दीड तासाला पॅड बदलायचं, लिंबाएवढ्या गाठी पडायच्या. एकदा स्वारगेटला बसमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा हिमोग्लोबिन निघालं 7.4. नंतर योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं: मागची भिंत पुढच्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट जाड, आणि तिच्यातून खाली पंख्यासारख्या पसरलेल्या काळ्या रेघा. नाव ऐकून मी घाबरले नाही, मला रडू आलं ते हायसं वाटून.

मुलाबद्दल. साध्या, आजार नसलेल्या दुखण्यात बाळंतपणानंतर पुष्कळजणींना आराम पडतो, तुमचा अनुभव खोटा नाही. पण ॲडेनोमायोसिस त्याने बरा होत नाही, उलट कित्येकींना दिवस राहायलाच अडचण येते. मुलीला ‘लग्न कर, थांबेल’ म्हणून परत पाठवलं की नेमकी तीच वर्षं हातची जातात.

मला पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन लागू पडलं. पहिले चार महिने रोज थोडं थोडं जात होतं, वैताग आला होता. मग कमी झालं. प्रत्येकीला ते मानवत नाही. कुणाला डायनोजेस्ट नावाच्या हार्मोनच्या गोळ्या चालतात, कुणाला पाळीपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या पुरतात. पाळी कायमची गेली की हा आजार बहुधा आपोआप निवतो, त्यामुळे अठ्ठेचाळिशीतलीचा आणि अठ्ठाविशीतलीचा निर्णय एक असूच शकत नाही.

माझी भीती वेगळी आहे. 2019 मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. ‘सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ असं ऐकून ऑपरेशनला तयार झालेल्या बायका पुण्यातही मला भेटल्यात. ॲडेनोमायोसिस म्हणजे कॅन्सर नाही. ऑपरेशन करायचं तर आजाराचं नाव कळून, बाकीचे उपाय ऐकून करावं, एवढंच मला म्हणायचं होतं.

काकू, एक करा. ‘सगळंच काढलं’ असं तुम्ही लिहिलंय. तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड असेल तर त्यात अंडाशयही काढले का ते बघा. अडतिशीत दोन्ही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. डॉक्टरांना सांगून हाडांची घनता तपासून घ्या. आणि त्याच फाइलमध्ये काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा कागद असेल. त्यावर ॲडेनोमायोसिस हा शब्द दिसतो का, तेवढं मला कळवाल?