तेलाचे फडके डब्यात ठेवू नका, आणि त्या फॉरवर्डमधले बाकीचेही विसरा

‘आजोबांच्या पद्धतीची सुरी, घरच्या घरी, खर्च शून्य’ हा आठ मुद्द्यांचा संदेश चवथीपासून गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतो आहे. म्हापशाचा माझा भाचा तो वाचून जवसाच्या तेलाची बाटली घेऊनही आला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा सार असा: घर बांधून उरलेली सळई घ्या, लाल करा, समुद्राच्या पाण्यात बुडवा. ताजे ओले लाकूड तासून फेविकॉलने चिकटवा. मूठ रात्रभर खोबरेलात भिजवा. चकाकी हवी तर जवसाचे तेल चोळा आणि ‘फडके घडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा, तेल वाया जात नाही’. वरून काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्या. तळाशी कायद्याचा इशारा, की मोठ्या सुरीला परवाना लागतो.

क्रम सोडून फडक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी सुरी बिघडेल, या चुकीने घर जळेल.

जवसाचे तेल ओल्या कपड्यासारखे वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. मुठीवर तेलाचा थर पातळ असतो, तिथे ती उष्णता हवेत निघून जाते. चुरगाळलेल्या किंवा घडी केलेल्या फडक्यात तेल हजारो धाग्यांवर पसरलेले असते, म्हणजे प्राणवायूला भिडणारी जागा प्रचंड, आणि आतली ऊब बाहेर पडायला वाट नाही. फडके तापते, तापल्यामुळे क्रिया आणखी वेगाने होते, आणि काही तासांत ते आपोआप पेट घेऊ शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. ‘डब्याला झाकण आहे’ म्हणणाऱ्यांनी पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा डोळ्यांसमोर आणू नये. घरात हाताशी येतो तो आइसक्रीमचा प्लास्टिकचा डबा, आणि तो ठेवला जातो मागल्या पडवीत, भुशाच्या पोत्याशेजारी, नारळाच्या सोडणांवर.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर एकच दाखला देतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर आग लागली. तिथे भिंतींवरच्या लाकडी फळ्यांना पॉलिश करण्याचे काम चालू होते आणि कामगारांनी जवसाच्या तेलाची फडकी तशीच टाकून दिली होती. आग सुमारे १९ तास धुमसली, अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. ३०व्या मजल्यावर पाण्याचे फवारे बसवलेले होते, तिथे कुठे ती थांबली. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचा सविस्तर अहवाल आहे आणि त्यात कारण म्हणून हीच फडकी नोंदलेली आहेत. तेल तेच, काम तेच, चूकही तीच.

करायचे एवढेच: काम संपले की फडके एकेरी पसरून उघड्यावर तारेवर टाका, कडक होईपर्यंत तिथेच राहू द्या, मग फेका. पाऊस असेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण बुडवून झाकण लावा. पुन्हा वापरायचा विचारच नको. जुन्या बनियनचा तुकडा वाचवून कुणी श्रीमंत झालेला नाही.

आता खोबरेल. आपल्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला तेच लावतात, त्यामुळे मुठीलाही चालेल असे वाटणे साहजिक आहे. चालत नाही. खोबरेलातली जवळजवळ ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, म्हणून ते जवसासारखे कधीच घट्ट होत नाही. लाकडात जिरते, तिथे तेलच राहते, आणि इसवण (सुरमई) कापताना हात ओला झाला की वर येऊन मूठ बुळबुळीत करते. हातातली सुरी सटकणे म्हणजे काय, ते सांगायला नको. शिवाय मूठ बसवण्याआधी लाकूड खोबरेलात बुडवले तर कुठलाच गोंद धरत नाही. पोळपाटाला किंवा लाकडी कालथ्याला अधूनमधून खोबरेलाचा हात देणे ठीक आहे, एवढे मान्य. तिथे गोंदही नाही आणि धारही नाही.

काजूच्या टरफलाच्या तेलाबद्दलही अर्धे मान्य करावेच लागते. होड्यांच्या लाकडाला ते लावत आले आहेत; पाणी आणि कीड दोन्ही अडतात. पण त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लाने आणि कार्डोलने कातडीला फोड येतात, हे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. होडी कुणी मुठीत धरून मासळी कापत नाही.

सळईचा मुद्दा दोन ओळींत संपतो. बांधकामाची सळई वाकायला हवी, तुटायला नको, म्हणून भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये एफई ५०० दर्जाच्या सळईतला कार्बन ०.३० टक्क्यांच्या आत ठेवला आहे. एवढ्या कार्बनवर सुरीला हवा तो कठीणपणा येत नाही; दोन कांदे चिरले की धार गेली. ट्रकच्या कमानीचा पाटा घ्या, त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो.

लोहार कोयत्याला पाणी देतो हेही खरे. पण तो धारेकडचाच भाग बुडवतो, आणि पोलाद ओळखून. पाट्याचे पातळ पाते अख्खे खाऱ्या पाण्यात घातलेत तर टिंग असा आवाज येईल आणि धारेला उभी चीर दिसेल, कारण खारे पाणी साध्या पाण्याहूनही झटकन उष्णता ओढते. पाते सावलीत तापवा, उन्हात रंग फसवतो. लोहचुंबक पात्याला चिकटेनासे झाले की ७७० अंश सेल्सिअस ओलांडले. रंग आणखी थोडा उजळू द्या आणि ५० ते ६० अंशांवर गरम केलेल्या शेंगदाणा तेलात टोकाकडून सरळ खाली उतरवा. तिरके घातले तर पाते वाकते. मूठ बसवायच्या पिनांची भोके मात्र त्याआधीच पाडून ठेवा, नंतर ड्रिलचे पान मोडेल. यानंतरची पायरी संदेशात नाहीच: या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते. घासून चकचकीत करा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोनदा, प्रत्येक वेळी तासभर ठेवा. फिकट गवती रंग चढला की झाले.

ओले लाकूड तासायला सोपे असते, बरोबर. मग ते सुकते, २५ मिलिमीटर रुंदीत मिलिमीटरभर आटते, पोलाद आटत नाही, आणि दोहोंच्या मधल्या फटीत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. मेस्ताकडे (सुताराकडे) जुन्या दारा-खिडक्यांच्या सागवानाचे तुकडे मिळतात, ते घ्या. फेविकॉल लाकडाला लाकूड जोडायला उत्तम. लोखंडाला तो धरत नाही आणि ओलीने मऊ पडतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा.

परवान्याचे म्हणाल तर ९ इंच लांबीची आणि २ इंच रुंदीची मर्यादा शस्त्रास्त्र नियमांत आहे, पण घरगुती आणि शेतीच्या हत्यारांना तिथेच सूट दिली आहे. स्वयंपाकाच्या सुरीसाठी पोलीस स्टेशनात जायला नको.

भाच्याने आणलेली बाटली फेकायची नाही. सागवानाच्या दोन्ही फळ्या ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या घ्या. सागवान मुळात तेलकट, म्हणून चिकटवायची बाजू अॅसिटोनने पुसा. पात्याचा मुठीतला भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. इपॉक्सी लावून पितळेच्या पिना घाला आणि शिकंजा बेताने आवळा, जास्त आवळलात तर सगळा गोंद बाहेर येतो. २४ तासांनी आकार द्या, मग ८०, १२०, २२० अशा क्रमाने घासा. २२० नंतर ओल्या फडक्याने मूठ पुसून वाळू द्या. लाकडाचे रोम उभे राहतात, ते ३२० ने काढा. आता जवसाचे तेल सढळ हाताने लावा, १५ ते २० मिनिटे थांबा आणि वर राहिलेले सगळे पुसा. पुसले नाही तर मूठ महिनाभर चिकचिकते. बाटलीवर ‘बॉइल्ड’ लिहिले असेल तर दोन हातांमध्ये एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन. कच्चे तेल असेल तर आठवडे लागतील. असे चार-पाच हात. आणि प्रत्येक हातानंतर फडके तारेवर.