लक्झरी सेडान घेताना गिअरबॉक्सची परीक्षा कुठे घ्यावी

द्राक्षांचा हंगाम आटोपला की नाशिकमध्ये नव्या गाड्यांची चर्चा सुरू होते. यंदा नात्यातल्या आणि ओळखीतल्या काही घरांत ही चर्चा मर्सिडीजची सी-क्लास, बीएमडब्ल्यूची ३ सीरिज, ऑडीची ए४ अशा सेडानपर्यंत पोहोचली आहे आणि गाड्यांची आवड असल्यामुळे सल्ला विचारायला मंडळी माझ्याकडे येतात. मागे जागा किती, सर्व्हिसचा खर्च किती, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे प्रश्न सगळे विचारतात. गिअरबॉक्सविषयी मात्र 'ऑटोमॅटिक आहे ना, मग झाले' एवढ्यावरच विषय संपतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. या किमतीच्या गाडीत चामडे, स्क्रीन, स्पीकर सगळ्यांकडेच चांगले असतात. गाडी रोज चालवताना मन प्रसन्न राहणार की चिडचिड होणार, हे मुख्यतः गिअरबॉक्स ठरवतो, आणि तो जोखायचा असेल तर ॲक्सिलरेटरचे पेडल तळापर्यंत दाबून नव्हे, तर अर्ध्या पेडलवर, कमी वेगात, गाडीच्या नेहमीच्या मोडमध्ये जोखावा लागतो.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह नेमकी याच्या विरुद्ध पद्धतीने होते. सोबत आलेला प्रतिनिधी गाडी स्पोर्ट मोडवर टाकतो, मुंबई नाक्याजवळून उड्डाणपुलावर घेतो आणि 'आता दाबा' म्हणतो. गाडी झेपावते, पाठ सीटला टेकते आणि ग्राहक खूश होतो. परंतु पेडल पूर्ण दाबल्यावर गिअरबॉक्सला काही ठरवायचेच उरत नाही. चालकाला सगळी ताकद हवी आहे हे स्पष्ट असते आणि आजचा कोणताही चांगला गिअरबॉक्स त्या वेळी झटपट खालचा गिअर टाकतो. त्या अनुभवातून इंजिनाची ताकद कळते. गिअरबॉक्सचा स्वभाव कळतो तो चालकाचा विचार ऐनवेळी बदलतो तेव्हा.

पाथर्डी फाट्यासारखे ठिकाण डोळ्यांसमोर आणा. सर्व्हिस रोडने येऊन आपण महामार्गाच्या वाहतुकीत शिरणार आहोत. समोर बस आहे म्हणून ब्रेक दाबला, वेग वीसच्या आसपास आला, गाडी थांबणार असे गिअरबॉक्सने गृहीत धरले. तेवढ्यात बस पुढे सरकली, मागून येणारा कंटेनर अजून लांब आहे, मधे पुरेशी जागा दिसली. आपण ब्रेक सोडून पेडल साधारण एक तृतीयांश दाबतो. चांगला गिअरबॉक्स इथे पाय जेवढा दाबला तेवढीच ओढ लगेच देतो. वाईट गिअरबॉक्स आधी काहीच देत नाही. आपण घाबरून पेडल आणखी दाबतो, आणि मग तो एकदम दोन गिअर खाली उतरून गाडी पुढे भिरकावतो. आधीची शांतता आणि नंतरची ही उसळी, या जोडीइतका वाईट दोष मला गिअरबॉक्समध्ये दुसरा वाटत नाही, कारण त्यानंतर चालकाचा स्वतःच्या पायावरचा भरवसा उडतो आणि दिसलेल्या जागेत शिरायचे की नाही याचा निर्णय त्याला नीट घेता येत नाही. थोडासा उशीर दर वेळी सारखाच होत असेल तर माणूस त्याची सवय करून घेतो. कधी होणारा आणि कधी न होणारा उशीर मात्र कधीच अंगवळणी पडत नाही.

अर्थात, हा सगळा उशीर गिअरबॉक्सचा असतो असेही नाही, आणि तो कोणाचा हे ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. या वर्गातली जवळपास सगळी इंजिने टर्बो, म्हणजे दाबलेली हवा आत ढकलणारा पंखा बसवलेली, असतात. पेडल दाबल्यावर टर्बोला हवेचा दाब तयार करायला थोडा वेळ लागतो, आणि शिवाय पेडलची तार थेट इंजिनाला जोडलेली नसून मधे संगणक असतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, गाडी मॅन्युअल मोडवर घ्या, चाळीसच्या वेगात तिसरा गिअर धरून ठेवा आणि पेडल निम्मे दाबा. गिअर बदलत नसल्यामुळे आता जो उशीर जाणवेल तो इंजिनाचा. पेडल तळापर्यंत नेऊ नका, कारण तिथे किकडाउनचा, म्हणजे लगेच खालचा गिअर मागणारा, खटका असतो आणि काही गाड्या मॅन्युअल मोडमध्येही त्यावर गिअर उतरवतात. नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, 'डी'वर, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकवर, हेच पुन्हा करा. आता जो जास्तीचा वेळ लागेल तो गिअरबॉक्सचा. दोन-तीन गाड्यांत हे करून पाहिले की एरवी आपण ज्याला सरसकट 'पिकअप' म्हणतो त्याचे दोन वेगळे भाग स्पष्ट दिसू लागतात. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ सध्याच्या सी-क्लासमध्ये, छोटी मोटर सुरुवातीचा तो क्षण काही प्रमाणात भरून काढते, आणि तेही या चाचणीत कळते.

गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक जातीचे दुखणे वेगळे असते. ३ सीरिजमध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा टॉर्क कन्व्हर्टर असलेला आठ गिअरचा बॉक्स येतो आणि सी-क्लासमध्ये मर्सिडीजचा स्वतःचा नऊ गिअरचा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते, त्यामुळे थांबून निघताना आणि मुंगीच्या चालीने सरकताना तो मऊ वागतो. वेग धरल्यावर इंजिन आणि गिअर थेट जोडणारा आतला लॉक-अप क्लच बसतो आणि तेलातली घसरण थांबते. झेडएफचा हा आठ गिअरचा बॉक्स २००९ साली बाजारात आला. गरज पडल्यास तो मधले गिअर वगळून थेट बरेच गिअर खाली उतरू शकतो, अगदी आठव्यावरून दुसऱ्यावरसुद्धा, आणि ओव्हरटेक करताना हा गुण फार मोलाचा ठरतो.

ए४, ए-क्लास लिमोझिन, स्कोडाची सुपर्ब यांत ड्युअल क्लच आहे. त्यात विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात, आणि पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. अंदाज बरोबर आला तर बदल कळतही नाही इतका पटकन होतो. पण आपण वेग वाढवत असताना त्याने वरचा गिअर तयार ठेवला आणि आपल्याला अचानक खालचा हवा झाला, किंवा सहाव्यावरून चौथ्यावर, म्हणजे एकाच क्लचवरच्या दुसऱ्या गिअरवर जायचे झाले, तर त्याला जुळवाजुळव करावी लागते आणि वेळ जातो. म्हणून ड्युअल क्लचची परीक्षा सरळ, वेगवान रस्त्यावर घेऊ नये. तिथे तो नेहमीच पहिला येतो. द्वारका चौकात संध्याकाळी सातच्या सुमारास, जिथे गाडी दर दोन मिनिटांनी फूटभर सरकते, तिथे तो किती अलगद निघतो आणि झटक्याने किती वेळा आपली मान हलवतो ते पाहावे. लेक्सस ईएस ३००एच मधली ई-सीव्हीटी ही तिसरी जात. तिच्यात पायऱ्या नाहीत, विद्युत मोटरची ओढ लगेच मिळते आणि शहरात ती अतिशय शांत चालते. मात्र घाटात पेडल दाबून धरले की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. ज्याला हे खटकत नाही त्याने खुशाल ती घ्यावी.

घाटाचा उल्लेख आलाच आहे, तर माझ्या मते नाशिककराने घाटाशिवाय गिअरबॉक्स पास करूच नये. आपल्याला मुंबईला जायचे तर कसारा, पुण्याला जायचे तर सिन्नरच्या अलीकडचा मोहदरी घाट, सप्तशृंगी देवीला जायचे तर नांदुरीहून गडावर चढणारा रस्ता. कसाऱ्याकडून इगतपुरीकडे वर येताना भरलेल्या ट्रेलरच्या मागे गाडी तीसवर येते, वळण संपताच उजवीकडे जागा मिळते, आणि त्या ठिकाणी निम्म्या पेडलवर गिअरबॉक्सने एकदाच, योग्य त्या गिअरवर उतरून तिथेच थांबायला हवे. काही गाड्या चढावर चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये सतत येरझारा घालतात. आवाज वरखाली होतो, ओढ तुटते आणि मागे बसलेल्यांना मळमळू लागते. वळणात पाय थोडा सैल केला की लगेच वरचा गिअर टाकणारा आणि वळणातून बाहेर पडताना पुन्हा खालचा शोधणारा बॉक्स मला अजिबात पसंत नाही. त्याने जाणत्या घाटचालकासारखा वळणभर गिअर धरून ठेवला पाहिजे. उतारावरही हेच पाहावे. ब्रेक दोनदा हलके दाबल्यावर तो स्वतः खालचा गिअर घेऊन गाडीला इंजिनाच्या जोरावर रोखतो का? की इको मोडमध्ये गिअर मोकळा करून गाडी नुसतीच घरंगळू देतो? इंधन वाचवण्यासाठी सपाट रस्त्यावर असे घरंगळणे ठीक आहे, कसारा उतरताना नाही.

इंजिनाची निवडही या प्रश्नात येते. सी-क्लासमधल्या सी २०० चे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देते आणि सी २२०डी चे डिझेल ४४० देते. पहिल्याची ओढ कमी, म्हणून चढावर त्याला गिअर अधिक वेळा बदलावे लागतात, आणि साहजिकच त्याच्या गिअरबॉक्सची कसोटी जास्त लागते. म्हणून पेट्रोल घ्यायची असेल तर पेट्रोलच चालवून पाहिली पाहिजे. 'डेमोला डिझेल आहे, चालायला सारखीच आहे' हे उत्तर स्वीकारू नये.

नेहमीच्या मोडवर मी एवढा भर देतो याचे कारण असे, की इंधन आणि धूर यांचा हिशेब जुळवण्यासाठी कंपन्या याच मोडमध्ये वरचे गिअर लवकर टाकतात, आणि मालकही वर्षभर याच मोडमध्ये गाडी चालवतो. स्पोर्ट मोडमध्ये बॉक्स चपळ वाटतो, पण गंगापूर रोडवरून मुलांना शाळेत सोडताना स्पोर्ट मोड कोणी लावत नाही आणि लावूही नये. 'उशीर वाटला तर पॅडल (स्टिअरिंगमागच्या, हाताने गिअर बदलायच्या पट्ट्या) वापरा' असाही सल्ला दिला जातो. पॅडल घाटात उपयोगी आहेत हे मला मान्य आहे, मात्र रोजच्या चौकात गिअर हाताने बदलायचे असतील तर ऑटोमॅटिकसाठी इतके पैसे कशासाठी मोजायचे, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

आणखी एक परीक्षा मागच्या सीटवरून घ्यायची असते. ३ सीरिज, ५ सीरिज, ई-क्लास या सेडान आपल्याकडे लांब व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या, मिळतात, त्या मुळात मागे बसणाऱ्यांसाठीच. म्हणून चाचणीला एकटे जाऊ नये. आईला किंवा वडिलांना मागे बसवावे, शक्य झाल्यास चौघांनी बसावे आणि गाडी दुसऱ्याला चालवायला देऊन आपणही थोडा वेळ मागे बसावे. गाडी थांबण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये, दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर उतरताना, समोरच्या सीटवर बसलेल्याचे डोके किंचित पुढे डुलते का ते पाहावे. चालकाच्या हातात स्टिअरिंग असल्यामुळे त्याला हा झटका जाणवत नाही. मागे बसलेल्या आईला जाणवतो, आणि शिर्डीपर्यंत जाऊन यायचे असेल तर तिचे मत माझ्या मतापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

गाडी गार असताना आणि गरम झाल्यावर, दोन्ही वेळा चालवून पाहावी. गिअरबॉक्सचे तेल इंजिनापेक्षा सावकाश तापते, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे, निफाडकडे कडाक्याची थंडी पडते तेव्हा, पहिले काही किलोमीटर गिअर किंचित जड बदलले तर तो दोष मानू नये. तेल तापल्यावरही तसेच राहिले तर मात्र मानावा. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये 'डी'वरून 'आर'वर (रिव्हर्सवर) आणि परत 'डी'वर घेऊन पाहावे. अरुंद जागेत गाडी वळवताना गिअर लागायला क्षणभर जास्त लागला, की चालक घाईने पेडल दाबतो आणि बंपर खांबाला लागतो.

मुंबई-पुण्याहून वापरलेली लक्झरी सेडान आणणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे आणि त्यांनी तर ही सगळी परीक्षा दुप्पट काटेकोरपणे घ्यावी. 'या बॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही' असे विकणारा सांगेल. झेडएफ स्वतः मात्र आपल्या बॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. म्हणून सर्व्हिसच्या नोंदीत गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख आहे का ते वाचावे. गिअर लागताना धप्प आवाज येत असेल, किंवा स्थिर वेगात पेडल हलके दाबल्यावर खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर ती लॉक-अप क्लचची किंवा खराब झालेल्या तेलाची खूण असू शकते. अशा वेळी किमतीची बोलणी तिथेच थांबवून गाडी आधी गिअरबॉक्सची माहिती असलेल्या मेकॅनिकला दाखवावी, त्याच्याकडून स्कॅनरवर बॉक्सचे जुने एरर वाचून घ्यावेत आणि एरर नुकतेच पुसलेले दिसले तर गाडी किमान एक पूर्ण दिवस, घाटासकट, चालवायला मिळाल्याशिवाय टोकन देऊ नये.