बिन-एसएच म्हणजे बॅश नव्हे

इंदूरमधल्या मराठी इंजिनीअरिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: "बॅश सगळीकडे असतोच. पॉझिक्स कधीच मेलं. डॅशसारखे छोटे शेल शिकण्यात किंवा स्वतः शेल लिहिण्यात वेळ घालवू नका." सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांतल्या नोकऱ्यांची तयारी करणारी आपली मुलं हे खरं धरून चालली आहेत, म्हणून लिहितोय. शेल म्हणजे आपण दिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम; बॅश आणि डॅश हे असेच दोन शेल, आणि पॉझिक्स म्हणजे शेलने कसं वागावं याचं प्रमाण.

बॅश सगळीकडे नसतो. अल्पाइन लिनक्सच्या मूळ कंटेनरमध्ये बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातला ॲश हा शेल असतो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही बॅश वेगळा टाकावा लागतो. उबुंटूत तो आहे, पण २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तिथलं बिन-एसएच (/bin/sh, म्हणजे स्क्रिप्ट चालवायचा ठरलेला शेल) म्हणजे डॅश.

यातून होणारं नुकसान नीट समजून घ्या. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-एसएच आहे आणि बॅकअपच्या कमांडनंतर &> लावून तुम्ही लॉग फाइलचं नाव दिलंय. बॅशमध्ये आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलीत जातात. डॅश मात्र तीच ओळ दोन तुकड्यांत वाचतो: & पर्यंतची कमांड बॅकग्राउंडला सोडतो आणि > मुळे लॉग रिकामी करतो. एरर येत नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. पुढच्या ओळीत जुन्या प्रती पुसायच्या असतील, तर नवा बॅकअप पुरा व्हायच्या आत त्या गेल्या! [[ (अट तपासायची बॅशची खूण) वापरलं असतं तर डॅशने निदान 'नॉट फाउंड' म्हणून तक्रार तरी केली असती.

पॉझिक्स मेलेलं नाही. २०२४ च्या आवृत्तीत पाइपफेलसुद्धा (पाइपने जोडलेली एखादी कमांड फसली तर ते कळवणारा पर्याय) आलंय. आणि बॅश फार मोठा व फार संथ आहे, हे त्याच्याच मॅन पेजमध्ये (माहितीपुस्तिकेत) 'बग्ज'खाली लिहिलेलं आहे. २०१४ चा शेलशॉक हा सुरक्षादोष बॅशच्या एका जादा सोयीतून आला: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून फंक्शन उचलण्याच्या. डॅशमध्ये ती सोयच नाही, म्हणून तो बचावला.

टर्मिनलवर रोजच्या कामाला बॅश खुशाल वापरा. डेबियनही लॉगिनला तोच देतं. स्क्रिप्ट मात्र डॅशवर चालवून बघा, शेलचेक हे चुका शोधणारं साधन लावा.

राहिलं शेल लिहिणं. फोर्क, एक्झेक, वेट (नवी प्रोसेस काढणं, तिच्यात प्रोग्रॅम चालवणं, ती संपायची वाट बघणं) लवकर जमतात. सीडी ही डिरेक्टरी बदलायची कमांड बिल्ट-इनच, म्हणजे शेलच्या आतच, का हवी, हेही लगेच उमगतं, कारण चाइल्ड प्रोसेसने डिरेक्टरी बदलली तरी पॅरेंट जागचा हलत नाही. कोटिंग (अवतरणचिन्हं) आणि एक्स्पान्शनचा (व्हेरिएबलच्या जागी त्याची किंमत भरण्याचा) क्रम मात्र घाम काढतो. व्हेरिएबलला अवतरणचिन्हं न लावल्याने स्क्रिप्ट का फुटतात, ते तिथेच कळतं.