‘असू शकतो’वरच्या आक्षेपाबद्दल

माझ्या लेखनावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी प्रत्येक आकड्यावर शंका घेतो, वाक्यावाक्यात ‘बहुधा’ आणि ‘असू शकतो’ पेरतो, शेवटी वाचकाच्या हाती काही लागत नाही, धोरण ठरवणाऱ्याला मात्र आज निर्णय घ्यावाच लागतो. यातला अर्धा आक्षेप मला मान्य आहे. आधी न पटलेल्या अर्ध्याबद्दल.

शंका घेतली की निर्णय अडतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मला भीती वाटते ती शंका न घेता बेधडक केलेल्या निर्णयांची. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा २०१० चा निबंध घ्या. सरकारी कर्ज जीडीपीच्या (देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या) ९० टक्क्यांवर गेलं की प्रगत देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते, असं त्यात होतं. युरोप-अमेरिकेतल्या खर्चकपातीच्या समर्थकांनी तो ९० चा आकडा उचलून धरला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं मूळ एक्सेल फाइल मिळवून गणित पुन्हा केलं, तर सूत्रातून पाच देश सुटलेले! लोकांच्या लक्षात राहिली ती हीच चूक. मला त्याहून अस्वस्थ करते ती सरासरी काढण्याची पद्धत. न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष, वाढ उणे ७.६ टक्के, आणि ब्रिटनची तब्बल १९ वर्षं, या दोहोंना सारखंच वजन. ही लेखकांनी केलेली निवड होती, आणि नुसत्या ‘सरासरी’ या शब्दावरून ती वाचकाला कळणं शक्य नव्हतं. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांच्या हिशेबात तीच वाढ २.२ टक्के आली. कर्ज जास्त तिथे वाढ काहीशी कमी, हे तरीही दिसत होतं. ९० टक्के ओलांडताच वाढ एकदम कोसळते, हा कडा तेवढा नाहीसा झाला. (कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यानं कर्ज साचतं, हे तर या सरासऱ्यांवरून कळतच नाही.) शंकेनं काय पुसलं आणि काय शाबूत ठेवलं, ते इथे नेमकं सांगता येतं.

आता मान्य असलेला अर्धा. ‘किमान वेतनवाढीचा रोजगारावरचा परिणाम परिस्थितीनुसार वेगळा असू शकतो’ हे माझं वाक्य कुठल्याही विषयाला चिकटवता येईल, असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. शंका कशाबद्दल आणि का, हे न सांगता ‘असू शकतो’ लिहिणं म्हणजे अंग काढून घेणं. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. त्या जागी आता असं आहे: एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या फास्ट फूड रेस्टॉरंटांची शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या रेस्टॉरंटांशी तुलना केली. रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगाराच्या नोंदींवरून तेच तपासलं, तेव्हा निष्कर्ष उलटा आला. सुमारे १९ टक्क्यांच्या अशा वाढीनं मोठी बेकारी ओढवते, हे मला पटत नाही. वेतन एकदम दुप्पट केलं तर काय होईल, हे मात्र या अभ्यासांच्या भरवशावर मी सांगणार नाही.