गळ्याशी आलेली लोकर

कोकणात थंडी पडते ती आंब्यासाठी. माणसांच्या वाट्याला येते ती मोहोराला पुरून उरलेली. डिसेंबर-जानेवारीत दापोलीकडे पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरला की बागायतदार खुशीत असतो. स्कूटर काढून हर्णै बंदराकडे निघालेल्याचा गळा मात्र पहिल्याच उतारावर धरतो. कानटोपी फक्त कानांचं बघते. मफलरचं टोक चाकात जायला टपलेलं असतं. उरतो तो नेक वॉर्मर, म्हणजे डोक्यातून घालायचं लोकरीचं कडं. आणि तो म्हणे ट्युनिशियन क्रोशाने, म्हणजे आकड्याच्या लांब सुईने, विणायचा, कारण वीण घट्ट, वारा आत शिरत नाही.

या विणीला नाव ट्युनिशियाचं, इंग्रजीत तिला अफगाण टाकाही म्हणतात. आपल्याकडे तिचं स्वागत एकाच वाक्याने होतं : "अगो, इथे अंग घामाने निथळतंय, नि लोकर कसली विणत्येस?" प्रश्न रास्त आहे. दुपारी बोटं घामेजली की लोकर अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर सरकायचं नाव घेत नाही. बोटांना थोडी टाल्कम पावडर लावायची, नाहीतर दिवेलागणीनंतर पडवीत बसायचं.

सुई लांब हवी, ३० सेंटिमीटर तरी, मागच्या टोकाला टाके अडवणारं बोंड असलेली. कारण इथे ओळीतले सगळे टाके सुईवरच मुक्कामाला असतात. नेहमीच्या आखूड सुईला मागे रबरबँड गुंडाळून काम भागवणारे असतात. त्यांचे शेवटचे पाच टाके कायम जमिनीवर असतात. लोकरीच्या वेष्टनावर ४ मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर ६ ची घ्या. लोकर मध्यम जाडीची, १५० ग्रॅम. ही वीण लोकर खाते, १०० ग्रॅमवर विसंबलात तर शेवटी रंग जुळवत दुकानं हिंडाल. दुकानात बेबी वूल म्हणून जे मिळतं ते बहुधा अ‍ॅक्रिलिकच असतं. मानेला बोचत नाही, म्हणून माझी हरकत नाही. फक्त इस्त्रीपासून जपा.

आता वीण. ३४ साखळ्या घाला. मग साखळी उलटी करून पाठीवरच्या उंचवट्यातून एकेक फास उचलत जा. सुईवरचा पहिला धरून ३४ फास झाले पाहिजेत. ही झाली जाण्याची फेरी. काम वळवायचं नाही! साध्या क्रोशाची सवय असलेल्या हाताला हे पटत नाही, तो वळवतोच. परतताना आधी एका फासातून लोकर काढा, मग दोन-दोनातून, सुईवर एकच उरेपर्यंत. सुरुवातीचा तो एकटा फास विसरलात तर डावी कड आक्रसते. घाईत दोनाऐवजी तिनातून ओढलंत तर एक टाका गायब, आणि तो गेल्याचं चार ओळींनी कळतं.

पुढच्या ओळीत समोर उभे दांडे दिसतात. पहिला सोडायचा, कारण त्याचा फास आधीच सुईवर आहे. बाकीच्यांतून सुई उजवीकडून डावीकडे. शेवटचा टाका कडेला दडून बसतो. तो सुटतो म्हणून पट्टी होडीच्या नाळेसारखी निमुळती होत जाते. तिथे कडेचे दोन्ही धागे उचला आणि परतण्याआधी मोजा. ३३ आले तर उसवा, "पुढे भरून काढू" म्हणू नका.

आणि मग ती गुंडाळते. दहा ओळी झाल्या की खालची कड सुरळीच्या वडीसारखी वर येते. तुमचा हात वाईट नाही, विणीचा स्वभावच तो : उभे दांडे पुढच्या अंगाला, परतीचा सगळा जाडपणा मागच्या अंगाला, त्यामुळे दोन्ही बाजूंची ओढ सारखी नसते. त्यावर पाट ठेवणं, गादीखाली दाबणं, रागावणं, काहीही चालत नाही. चालतं ते एवढंच : मोठी सुई, पाठीच्या उंचवट्यातून सुरुवात आणि पहिल्या दोन ओळी उलट टाक्याच्या, म्हणजे लोकर पुढे घेऊन. शिवाय नेक वॉर्मर आडवा विणायचा. २१ सेंटिमीटर ही उंची, ६० हा घेर. म्हणजे सगळ्यात जास्त गुंडाळणाऱ्या दोन कडा, पहिली नि शेवटची, एकमेकींनाच जोडल्या जातात. भांडकुदळ जावांना एकाच चुलीवर बसवण्यासारखं आहे, पण जमतं.

घेर ६० पेक्षा कमी नको. या विणीला ताण फार नसतो. ५० चा मानेला छान बसतो, पण घालताना नाकावर अडतो. १० सेंटिमीटरात १६ टाके नि १३ ओळी बसत असतील, तर ७८ ओळी होतात. म्हणजे २६५२ टाके, तेही प्रत्येकी जाताना एकदा नि येताना एकदा. हा हिशेब विणायला बसण्यापूर्वी करू नये.

जोडण्याआधी पट्टी सपाट करायची. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवून, पंच्यात दाबून, चटईवर टाचण्यांनी ताणून वाळवा. पावसाळ्यात हा बेत नकोच, चौथ्या दिवशीही ओली असते आणि कुबट वास धरते. अ‍ॅक्रिलिकला वाफ, इस्त्री चार बोटं वर धरून. टेकली की पट्टी मेणासारखी चकचकीत, लुळी. ती पुन्हा ताठ होत नाही.

मग दोन कडा सरकत्या टाक्याने (स्लिप स्टिच) जोडा, वरखाली मुक्या खांबाची (सिंगल क्रोशे) एकेक फेरी घाला. एव्हाना झाडावर कैऱ्या सुपारीएवढ्या झालेल्या असतात आणि घरात पंखा लागलेला असतो. न जोडलेली पट्टी ओट्यावर राहिली, तर त्यावर कोणीतरी आमटीचं गरम पातेलं ठेवणारच. अ‍ॅक्रिलिक असेल तर ठेवू देऊ नका, बुडाला चिकटतं.