आवाजाचे गुण वेगळे, खरेपणाचे वेगळे

२७ जून २०२४ ला अटलांटात झालेल्या बायडेन-ट्रम्प चर्चेबद्दल कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं, बायडेन अडखळले. बसलेला आवाज, मध्येच तुटणारी वाक्यं, "शेवटी आपण मेडिकेअरला (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हरवलं" असं भलतंच काहीतरी. पुढे २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. वय आणि प्रकृती पाहणं हा मतदारांचा हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नव्वद मिनिटांत दोघं बोलले काय, हे कुणाला आठवतं?

ट्रम्प यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं की डेमोक्रॅटिक राज्यांत जन्मानंतरही बाळाचा जीव घेऊ देतात. अमेरिकेतल्या एकाही राज्यात असा कायदा नाही. तो सरळसरळ खून ठरतो. बायडेन म्हणाले, या शतकात जगात कुठेही सैनिक न गमावलेला मी एकटा राष्ट्राध्यक्ष. २६ ऑगस्ट २०२१ ला काबूल विमानतळावरच्या स्फोटात त्यांच्याच कारकिर्दीत १३ अमेरिकन सैनिक गेले. जानेवारी २०२४ मध्ये जॉर्डनमध्ये आणखी तीन. त्या सोळा घरांत हे वाक्य कसं ऐकलं गेलं असेल? मला त्यांच्या अडखळण्यापेक्षा या वाक्याचा जास्त राग आला. आणि दुसऱ्या दिवशी गाजलं ते अडखळणंच.

मी बरीच वर्षं महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. आमच्या गुणपत्रिकेत रकाने असतात: विषयाची मांडणी, भाषा, आवाज व हावभाव, खंडन, वेळेचं भान. 'खरेपणा' असा रकाना नसतो, आणि तिथे तो नसणंच योग्य आहे. कारण बाजू चिठ्ठीवर ठरते. ठरावाच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या मुलीला विरोधाची चिठ्ठी आली असती, तर ती तितक्याच तावातावाने उलट बोलली असती. तिच्याकडून आम्हाला तयारी हवी असते, शपथ नको. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला मात्र कुणी चिठ्ठी दिलेली नसते. तो जे सांगतो त्याच्या भरवशावर लोक मत देतात. तरीही टीव्हीसमोर बसलो की आपण हीच गुणपत्रिका काढतो: कोण गडबडलं, कुणी कुणाला गप्प केलं.

हे आजचं नाही. १९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेतला निक्सन यांचा घाम आणि फिकट चेहरा आजही सांगितला जातो. त्याच प्रचारात केनेडी म्हणत होते की क्षेपणास्त्रांच्या बाबतीत अमेरिका सोव्हिएत संघाच्या मागे पडली आहे. प्रत्यक्षात अमेरिकाच पुढे होती. ते कितीजण सांगतात?

१० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात ट्रम्प यांची चर्चा बायडेन यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस यांच्याशी झाली. तिथे ट्रम्प म्हणाले, ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातायत. सूत्रसंचालक डेव्हिड म्युर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की शहर प्रशासनाकडे अशी एकही विश्वासार्ह तक्रार नाही. ट्रम्प यांचं उत्तर: टीव्हीवर लोक सांगतायत. माझ्या लेखी चूक आणि खोटं यांच्यातली रेघ इथेच आहे. बोलण्याच्या भरात चुकतं कुणाचंही. दुरुस्ती कानावर पडल्यावरही तेच रेटलं, की ती चूक राहत नाही.

हॅरिस यांनाही सूट नको. ट्रम्प यांनी १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतरची सर्वात वाईट बेकारी मागे ठेवली, असं त्या म्हणाल्या. एप्रिल २०२० मध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली होती खरी, पण जानेवारी २०२१ मध्ये, ट्रम्प गेले तेव्हा, ती साडेसहा टक्क्यांच्या आत होती. त्याहून जास्त, १० टक्क्यांना, ती २००९ मध्येच टेकली होती. त्यांना त्या क्षणी कुणी टोकलं नाही. "आमच्याच माणसाला अडवलं" ही ट्रम्पसमर्थकांची तक्रार इथे मला पटते.

पण म्हणून "दोघंही सारखेच" म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. बेकारीचा आकडा फुगवून सांगितल्याने कुणाच्या दारात पोलीस आले नाहीत. स्प्रिंगफिल्डमध्ये त्याच आठवड्यात शाळांना बॉम्बच्या धमक्या आल्या, मुलांना वर्गातून बाहेर काढावं लागलं. धमक्या पोकळ निघाल्या, तरी शाळांत पोलीस नेमावे लागले. विजेता ठरवताना हे वजन धरायला हवं. आणि सूत्रसंचालकांनी टोकायचंच असेल तर दोघांनाही टोकावं, तेही तिथल्या तिथे, कारण दुसऱ्या दिवशीची तथ्यतपासणी वाचणारे मूठभरच असतात.