जनसुनावणीमुळे विकास रखडतो, हे खरं नाही

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. त्यातले दोघे माझे जुने विद्यार्थी, म्हणून नुसतं 'हे चूक आहे' म्हणून सोडून द्यावंसं वाटेना. मजकूर थोडक्यात असा: प्रकल्प आला की जनसुनावणी घ्यावी लागते, तिथे पन्नास माणसं आरडाओरडा करतात आणि काम वर्षानुवर्षं अडतं. ज्यांना अहवाल वाचता येत नाही त्यांना विचारायचं कशाला? कायद्यांचे मसुदे संकेतस्थळावर असतातच, आणि त्यावरच्या हरकती सगळ्या एकाच साच्यातल्या. चीन कुणाला विचारत नाही म्हणून पुढे गेला. तेव्हा सुनावण्या बंद करा.

एकेक मुद्दा घेतो.

'पन्नास माणसं ओरडली की प्रकल्प अडतो.'

सुनावणीचे नियम १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधीच तपासण्याच्या, अधिसूचनेत आहेत. त्यात मतदान नाही. गणसंख्येची अटही नाही. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले, निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी अध्यक्षस्थानी बसतात. लोक बोलतात, चित्रीकरण होतं, शेवटी नोंदी स्थानिक भाषेत वाचून दाखवायच्या असतात. हरकतींना प्रकल्पवाल्यांनी अंतिम अहवालात उत्तर द्यायचं. निर्णय मात्र तज्ज्ञ समितीची शिफारस घेऊन मंत्रालय किंवा राज्याचं प्राधिकरण करतं. गाव एकमुखाने 'नको' म्हणालं तरी मंजुरी मिळू शकते, आणि मिळालेलीही आहे.

मजकुरात ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण दिलंय. तिथे १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, हे खरं. पण त्या ग्रामसभा सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालावरून, वनहक्क कायद्याखाली झाल्या होत्या. पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी वेगळी. दोन्ही एकात मिसळून लोकांच्या हाती नसलेला नकाराधिकार त्यांच्या माथी मारला जातो.

वेळेचं म्हणाल तर, नोटीस निदान ३० दिवसांची आणि सुनावणी अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत उरकायची. पुढे समितीला ६० दिवस, निर्णयाला ४५ दिवस. म्हणजे लोकांच्या वाट्याला आला जेमतेम दीड महिना. शिवाय मंजूर औद्योगिक वसाहतींमधले उद्योग, इमारतींची बांधकामं, जादा जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण यांना सुनावणी लागतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजं आणि सामरिक महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींनाही यातून वगळण्यात आलं. सूट मिळणाऱ्यांची यादी वाढतेच आहे.

काम रखडतं ते बहुतेक वेळा कागद कच्चे असल्यामुळे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ घ्या. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. महत्त्वाची माहिती अर्जात दडवली गेली आणि तज्ज्ञ समितीने हरकतींचा नीट विचार केला नाही, असं न्यायालयाला दिसलं. फेरविचार झाला, जादा अटी लागल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. जे महिने गेले ते पेडण्याच्या लोकांच्या बोलण्यामुळे गेले नाहीत. त्यांचं म्हणणं पहिल्याच फेरीत मनावर घेतलं असतं तर ते वाचले असते. त्याच गोव्यात किनारी आराखड्यावरची मार्च २०२१ ची सुनावणी घाईत उरकली आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) आदेशामुळे जुलैत पुन्हा घ्यावी लागली.

'ज्यांना अहवाल वाचता येत नाही त्यांना काय विचारायचं?'

माझा खरा राग या वाक्यावर आहे.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात एका खाणीच्या सुनावणीला मी गेलो होतो. शाळेच्या पटांगणात मांडव, पुढे टेबलावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, एका कडेला पोलीस. पूर्ण अहवाल इंग्रजीत, तीनशेच्या वर पानांचा. मराठी सारांश अकरा पानांचा, आणि तोही असा की 'आधारभूत सर्वेक्षण' म्हणजे प्रकल्पाआधी तिथली हवा, पाणी, जमीन कशी आहे त्याची मोजणी, हे मला पुढच्या बाकावरच्या चार जणांना समजावून सांगावं लागलं. सल्लागार कंपनीच्या तरुणाने पडद्यावर नकाशा दाखवला. खाणीतली माती जिथे टाकायची होती ती जागा हिरव्या रंगाने रंगवलेली.

सत्तरीच्या पुढची एक आजी उठली. माईक हातात धरायची सवय नव्हती, तो तिने पदरात धरला. म्हणाली, "ह्यो व्हाळ तुमच्या नकाशार खंय आसा? आषाढात त्याचा पाणी माझ्या खळ्यात येता."

तरुणाने पानं चाळली. अहवालात वहाळ, म्हणजे ओढा, नव्हता. सर्वेक्षण मार्च ते मे या काळातलं होतं आणि तेव्हा तो वहाळ कोरडा असतो. असे अहवाल बहुधा एका हंगामाच्या मोजणीवर उभे असतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ज्या कोकणाचं सगळं बदलतं, तिथल्या जमिनीचा अहवाल त्या चार महिन्यांशिवाय लिहिला जातो. त्या मांडवात पावसाळ्याची माहिती असलेला एकच दस्तऐवज होता, ती आजी.

तिच्या बोलण्याने खाण थांबली नाही. मंजुरीत एक अट वाढली: मातीचा ढीग वहाळापासून दूर, आणि खालच्या अंगाला दगडी बांध. खाण चालू आहे. आजीच्या खळ्यात ढिगाची माती आली नाही. सुनावणी कशासाठी असते, हे मला त्या दिवशी कळलं. कागदावर जे आलं नाही, ते माहीत असलेल्या माणसाला बोलायला मिळणारी सगळ्या प्रक्रियेतली ती एकच जागा आहे. ती बंद केली तर काम लवकर होणार नाही, चुकीचा नकाशा तेवढा पक्का होईल.

आणि अहवाल वाचता येत नसेल तर तो लोकांच्या भाषेत द्यायची जबाबदारी कुणाची?

'मसुदे संकेतस्थळावर असतातच.'

असतात, पण कुठल्या भाषेत? २००६ च्या अधिसूचनेच्या जागी नवी आणण्यासाठी केंद्राने मार्च २०२० मध्ये मसुदा काढला. हरकतींना ६० दिवस. देश टाळेबंदीत, आणि मसुदा इंग्रजी-हिंदीत. मराठीत नाही, कोकणीत नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत आणायला सांगितलं. मंत्रालयाने तो आदेश पाळण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. मासेमारी करणाऱ्याच्या किनाऱ्याचा, शेतकऱ्याच्या बांधाचा कायदा त्याच्या भाषेत द्या, एवढंच सांगितलं होतं. त्याला विरोध करावासा वाटतो, यातच सगळं आलं.

त्या मसुद्यात होतं काय? सुनावणीच्या नोटिशीचे ३० दिवस २० वर आणणं. केंद्र ज्याला 'सामरिक' म्हणेल त्या प्रकल्पाची माहिती लोकांसमोर न ठेवणं. मंजुरी न घेता काम सुरू केलेल्यांना मागाहून मंजुरी देण्याची सोय. आणि असं उल्लंघन नजरेस आणून द्यायचं तर ते सरकारी यंत्रणांनी किंवा खुद्द प्रकल्पवाल्याने. शेजारच्या गावकऱ्याला त्यात जागाच नव्हती.

हरकतींची मुदत चालू असतानाच, ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीन वायू सुटला. माणसं झोपेतून उठून धावताना रस्त्यावर कोसळली. हा कारखाना कित्येक वर्षं वैध पर्यावरण मंजुरीशिवाय चालू होता, आणि तसं कंपनीने आदल्याच वर्षी लिहून दिलं होतं. मागाहून मंजुरीचा अर्थ काय, हे सांगायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

'हरकती एकाच साच्यातल्या.'

२०२० मध्ये लाखो पत्रं गेली, पुष्कळांचा मजकूर एकसारखा होता. मान्य. मग काय झालं? बँकेच्या कर्जाचा अर्जही छापील असतो, पण सही करणाऱ्याचं कर्ज खरंच असतं. हरकत दहा जणांनी सारख्या शब्दांत मांडली म्हणून ती खोटी ठरत नाही. तिला उत्तर एकदाच द्यायचं असतं, पण द्यायचं असतं. तो मसुदा अंतिम झाला नाही, हे इथे सांगायला हवं. त्यातल्या काही तरतुदी पुढे कार्यालयीन आदेशांतून, लोकांना न विचारता आल्या, हेही.

विचारल्याने कायदा सुधारतो याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. २००८ मध्ये किनारी व्यवस्थापनाचा नवा मसुदा आला, मच्छीमार संघटनांनी तो उचलून धरला नाही, कडाडून विरोध केला. सरकारने तो बाजूला ठेवला, किनाऱ्यावर सल्लामसलती झाल्या आणि २०११ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना निघाली. त्यात मुंबईचे कोळीवाडे, गोव्यातल्या खाजन जमिनी (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल शेतं), मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथली कासवांची विणीची जागा, हे सगळं नावानिशी आलं. दिल्लीच्या टेबलावर बसून 'खाजन' हा शब्द कायद्यात येत नसतो.

'चीन कुणाला विचारत नाही.'

चीनच्या २००३ पासून लागू असलेल्या परिणाम मूल्यांकन कायद्यात लोकसहभागाची तरतूद आहे, आणि त्याचे नवे नियम १ जानेवारी २०१९ पासून लागू आहेत. ते किती पाळले जातात हा वेगळा प्रश्न, पण 'विचारायची गरज नाही' असं खुद्द चीनचा कायदा म्हणत नाही. शिआमेन शहरात २००७ मध्ये पॅराझायलीन या रसायनाच्या कारखान्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर आले. कारखाना झांगझोऊकडे हलवला गेला. तिथे त्यात २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये स्फोट झाले. शिआमेनच्या लोकांची भीती अडाणीपणाची नव्हती.

शेवटचा एक सूर त्या मजकुरात सगळीकडे आहे, की लोक येतात ते फक्त 'नको' म्हणायला. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा २०११ चा अहवाल मजकूर लिहिणाऱ्यांनी बघावा. आमचं गाव पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांचे ठराव समितीकडे आले होते. अहवाल सरकारने कित्येक महिने दाबून ठेवला, तो मे २०१२ मध्ये बाहेर आला. घाटावरच्या गावांत त्यावरून गैरसमज आणि भीती पसरली, विरोधही झाला, हे मी नाकारत नाही. पण तो अहवाल आधी गावोगाव त्यांच्या भाषेत पोचलाच नव्हता. पुढे दुसरी समिती झाली, मार्च २०१४ मध्ये संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला आणि ३१ जुलै २०२४ ला सहावा. ही दहा वर्षं खाल्ली ती केंद्र आणि राज्यांमधल्या ओढाताणीने.

माझ्या दोन विद्यार्थ्यांसाठी एवढंच: तुमच्या तालुक्यात सुनावणीची नोटीस लागली की सारांशावर थांबू नका. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, संबंधित ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो, तो मागा. आधी सर्वेक्षणाचे महिने बघा, मग नकाशा घेऊन त्या जागेवर जा, गावातल्या जुन्या माणसाला बरोबर घेऊन. जे दिसेल ते मराठीत लिहा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या.